मनगटावर तेल

दहा गुणांचा प्रश्न होता: ‘जनाबाईंच्या अभंगांतील बंडखोरी सोदाहरण स्पष्ट करा.’ तपासणी केंद्रावर सकाळपासून माझे चौदा पेपर झाले होते आणि चौदाही जणांनी एकच गाईड वाचलेलं होतं. गंगाखेडला जन्म, दामाशेटींच्या घरी दासी, नामदेवांची शिष्या, मग तो अभंग, आणि शेवटी ‘अशा प्रकारे जनाबाईंनी लोकलज्जेचा त्याग करून मोक्षमार्ग स्वीकारला.’ आम्हाला दिलेल्या मॉडेल आन्सरमध्येही हेच चार मुद्दे. हात आपोआप सातच्या आकड्यावर जात होता.

अभंग बहुतेकांच्या कानावर असतो, तरी समोर असलेला बरा:

डोईचा पदर आला खांद्यावरी । भरल्या बाजारीं जाईन मी ॥
हातीं घेईन टाळ खांद्यावरी वीणा । आतां मज मना कोण करी ॥
पंढरीच्या पेठे मांडियेलें पाल । मनगटावर तेल घाला तुम्ही ॥
जनी म्हणे देवा मी झालें येसवा । रिघालें केशवा घर तुझें ॥

येसवा म्हणजे वेश्या. वीस वर्षं मी हा अभंग शिकवते आहे आणि वीस वर्षं या शब्दाजवळ आलं की माझा वेग वाढतो. मागच्या बाकांवर खसखस पिकायच्या आत ‘म्हणजे सर्वस्वाचं समर्पण’ असं म्हणायचं आणि पान उलटायचं. तेलाच्या ओळीवर तर मी कधी थांबलेच नाही. कुणी विचारतही नाही.

पंधरावा पेपर उघडला. अक्षर मोठं, उजवीकडे चढत जाणारं. गंगाखेड नाही, दामाशेटी नाहीत. पहिलंच वाक्य: ‘पदर खांद्यावर येतो कारण डोक्यावर पाटी असते.’

पुढे असं: ‘आई आठवडी बाजाराला भाजी नेते. चुंबळ ठेवून पाटी उचलली की पदर मागं सरकतो आणि सावरायला हात मोकळा नसतो. पदर पडला म्हणून कोणी बाजार चुकवत नाही. पाल म्हणजे गाईडात दिलंय तसा तंबू नाही. चार काठ्या आणि वर एक पटकूर. त्याला जागा धरावी लागते, जागेवरून भांडणं होतात. जनाबाईने पंढरीच्या पेठेत जागा धरली आहे. ती आता उठत नाही.’

आणि मग ती ओळ. ‘तेल म्हणजे दळून दुखणाऱ्या मनगटावर. माझी आजी रात्री मागायची. घाला तुम्ही, असं जनाबाई लोकांना म्हणते. इतकी वर्षं तुमचं दळलं, आता तुम्ही तेल घाला.’

मी पेन खाली ठेवला. गोपाळपूरला जनाबाईचं म्हणून दाखवतात ते जातं मी दोनदा पाहिलंय, हात लावून नमस्कारही केलाय. त्या जात्यामागे एक मनगट असणार, हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

मुलगा की मुलगी, ते कळेना. सगळं उत्तर ‘मी पाहिलं आहे’, ‘आम्ही जातो’ अशा क्रियापदांत. शेवटच्या परिच्छेदात त्या पोरानं दुसराच अभंग घेतला होता, ‘शून्यावरी शून्य पाहे’. त्यात जनीला लाल, पांढरं, सावळं अशी शून्यं दिसत जातात, शेवटी निळं महाशून्य, आणि कानात अनाहत घंटा वाजते. आम्ही तो ‘योगपर अभंग’ या डब्यात घालतो आणि पदराचा ‘बंडखोर’ या डब्यात. पोरानं लिहिलं होतं: ‘निळं शून्य पाहणारी बाई आणि बाजारात पाल मांडणारी बाई एकच आहे. जिला ते दिसलं ती आता कोणाला विचारून चालणार नाही.’

नऊ दिले.

मॉडरेटर सर आमच्या विषयातले ज्येष्ठ. गळ्यात तुळशीची माळ, आषाढीला दरवर्षी पायी जाणारे, निवृत्तीला वर्ष उरलेलं. त्यांनी नमुन्यासाठी नेमका तोच पेपर ओढला.

“मॅडम, नऊ?”

“वाचा ना सर.”

त्यांनी सावकाश वाचलं. चष्मा काढला. “तेलाचं चुकलंय. पुढच्याच ओळीत येसवा आहे, मग मधेच जातं कुठून आलं? हे गिऱ्हाइकाला बोलावणं आहे. पेठेत माझं पाल पडलंय, तेल-अत्तर मनगटाला लावा आणि या. जनी भर पेठेत ओरडून सांगतेय.”

मी बघतच राहिले. माळकरी माणूस, इतक्या उघड शब्दांत. “सर, मग हे मॉडेल आन्सरमध्ये का नाही?”

“मॉडेल आन्सर मीच केलंय,” सर हसले. “त्यात हे लिहू?”

चहा आला होता, त्याच्यावर साय धरली. सर बोलत होते. “कान्होपात्रा घ्या. मंगळवेढ्याची, गणिकेची पोर. तो शब्द तिला जन्मानं चिकटलेला, आणि त्यातून सुटायला ती पंढरीला आली. ‘नको देवराया अंत आता पाहू.’ जनीचं उलटं. ती दासी, तिला कुणी येसवा म्हटलं नव्हतं. तिनं आपण होऊन तो शब्द अंगावर घेतला. का? भरल्या बाजारात कुणाच्या परवानगीशिवाय उभं राहायचं, तर बाईला तेवढं एकच नाव शिल्लक होतं.”

मग मलाही राहवेना. मी म्हटलं, क्रियापदं बघा सर. ‘जाईन’, ‘घेईन’, आणि मग एकदम ‘मांडियेलें’, ‘झालें’, ‘रिघालें’. ‘मना कोण करी’ हा प्रश्न विचारते तेव्हा ती अजून निघायची आहे. उत्तराला थांबतच नाही, पुढच्या ओळीत पाल पडलेलं असतं. आणि ‘रिघाले’. देवानं बोलावलं नाही, कुणी पाठवणी केली नाही, पुजाऱ्याला विचारलं नाही. आत शिरले.

“हे वर्गात सांगता?” सरांनी विचारलं.

मी चहा उचलला.

गुणांचं मात्र सरांनी ऐकलं नाही. चार मुद्द्यांपैकी एकच आलाय, उद्या पेपर फेरतपासणीला गेला तर नऊ कशावर दाखवणार? त्यांचं खोटं नव्हतं. शिवाय पोराचा अर्थ त्यांना पटलेला नव्हता आणि त्यांचा मला पूर्ण पटत नव्हता. दळणाऱ्या बाईनं ‘तुम्ही घाला’ म्हणणं आणि पेठेतल्या बाईनं म्हणणं, एका ओळीत दोन्ही मावतं असं मला आजही वाटतं. सर म्हणाले, मावत असेल, पण प्रश्नपत्रिकेत मावत नाही.

नवावर काट मारून त्यांनी हिरव्या शाईत सात केले आणि सही केली. तेलाच्या वाक्यापाशी फुली मारायला पेन टेकवला, क्षणभर तसाच धरला आणि मग उचलून टोपण लावलं. कागदावर तेवढा एक हिरवा ठिपका राहिला.

सोळावा पेपर घेतला. गंगाखेडला जन्म, दामाशेटींच्या घरी दासी, लोकलज्जेचा त्याग, मोक्षमार्ग. चारही मुद्दे होते. सात दिले.