याला १ द्यायचा की ५?
आज भाचीसोबत निफाडला गेलेलो, तिचं सायकॉलॉजीचं एमए चालूये ना, तर प्रोजेक्टसाठी ती क्लायमेट अँक्झायटीचं स्केल (हवामान बदलाची चिंता मोजायची प्रश्नावली) भरून घेतेय, सुसान क्लेटन आणि ब्रायन काराझिया या मानसशास्त्रज्ञांनी २०२० ला काढलेलं. हवामान बदलाच्या विचाराने झोप उडते का, वाईट स्वप्नं पडतात का, असलं विचारायचं आणि १ ते ५ मधे उत्तर, १ म्हणजे कधीच नाही, ५ म्हणजे जवळजवळ नेहमीच. एक द्राक्षवाले काका म्हणे, "हवामान बदलाचा विचार कोण करतंय पोरी, पण फुलोऱ्यात ढग आले की डावणीच्या (द्राक्षावरचा बुरशीचा रोग) धास्तीने रात्रभर हवामानाचं ॲप बघत बसतो, वर सोसायटीचं कर्ज." मी असतो तर डोळे झाकून ५ दिले असते. भाचीनं १ लिहिला, प्रश्नात तसंच विचारलंय म्हणे 🤦 मग येताना ओझरपर्यंत आमचं भांडण, शेवटी गारपीट आणि कर्जाचे वेगळे प्रश्न जोडायचे का हे ती गाईडला विचारणारे.