सहा डबे

10 मे 2022, मंगळवार. मदर्स डे नुकताच होऊन गेला होता आणि न विकलेल्या फुलांच्या बादल्या अजून दारापाशीच होत्या. पहाटे साडेपाचला मागच्या दाराशी ट्रक लागला. अमेरिकेतल्या एका लहान गावातल्या किराणा दुकानात मी माल मागवण्याचं काम करते. साखळीतलं दुकान नाही, एका कुटुंबाचं आहे. तान्ह्या बाळांच्या पावडर दुधाचे मी आठ खोके मागवले होते. आला एक, त्यात सहा डबे. पावतीवर त्या दुधाच्या बाकी सगळ्या ओळींपुढे शून्य.

खोका फोडून डबे फळीवर लावायला गेले आणि हात थांबला. पहिल्या येणाऱ्याने सहाच्या सहा उचलले असते आणि त्याला दोष तरी कसा द्यायचा? डबे बिलाच्या काउंटरमागे नेले आणि रिकाम्या फळीवर कागद चिकटवला : ‘एका घराला एक डबा. काउंटरवर विचारा.’

हे असं का झालं ते आम्हाला तोवर पाठ झालं होतं. 17 फेब्रुवारीला एका मोठ्या कंपनीने मिशिगनमधल्या तिच्या कारखान्यातलं पावडर दूध बाजारातून परत बोलावलं. काही बाळं क्रोनोबॅक्टर या जंतूच्या संसर्गाने आजारी पडली होती, त्यातली काही दगावली होती. कारखान्यात तो जंतू सापडला. बाळांना झालेला संसर्ग तिथूनच गेला हे सिद्ध झालं नाही, पण कारखाना बंद ठेवणं योग्यच होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मला अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळी आहे. एवढ्या मोठ्या देशात एक कारखाना बंद पडतो आणि तीन महिन्यांत गावोगावच्या फळ्या ओस पडतात, हे होतंच कसं?

सात वाजता आमच्या घाऊक पुरवठादाराच्या माणसाला फोन लावला. भला माणूस आहे, खोटं बोलत नाही. म्हणाला, “माल अजिबात नाही असं नाही. पण आधी मोठ्या साखळ्यांचं भागवावं लागतं. त्यांच्याकडे वेळेवर आणि पुरता माल पोचला नाही, तर ते दंड लावतात. तुमच्याकडे उशिरा आला तर तुम्ही काय करणार?” मी काहीच करू शकत नव्हते आणि ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. करोनाकाळातल्या किराणा टंचाईवर फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे बाजारातल्या स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, मार्च 2024 मध्ये अहवाल काढला. काही बड्या विक्रेत्यांनी असे दंड आणि अटी वापरून माल आपल्याकडे वळवण्यासाठी पुरवठादारांवर दबाव आणला, असं त्यात नोंदवलं आहे. वाचताना मला तो फोन आठवत होता.

अकरा वाजेपर्यंत पाच डबे गेले. मग ती आली. वीस-एकवीस वर्षांची असेल. एका हातात बाळाची कारमधली खुर्ची, दुसऱ्या हातात रिकामा डबा. तिसरं दुकान पालथं घालून आली होती. शेवटचा डबा मी तिच्यापुढे ठेवला. तिने तो दोन्ही हातांनी धरला आणि विचारलं, “हा थोडा जास्त दिवस पुरवता येईल ना? मी दोन दिवस चमचा पूर्ण भरत नाहीये.”

तिने रिकाम्या डब्यातला प्लॅस्टिकचा चमचा काढून दाखवला. आतल्या बाजूला तिने पेनने एक रेघ मारली होती, साधारण पाऊण चमच्यावर. तिथवर पावडर, पाणी मात्र तेवढंच.

माझ्या पोटात गोळा आला. मी डॉक्टर नाही, पण त्या महिन्यात बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा इशारा आमच्या काउंटरवर लावलेला होता : दूध पातळ करू नका, घरी बनवू नका. जास्त पाणी गेलं तर बाळाच्या रक्तातलं सोडियम उतरतं, झटके येऊ शकतात. मी ते तिला वाचून दाखवलं. वर सांगितलं की जुना चमचा फेकून दे, कारण प्रत्येक कंपनीच्या चमच्याचं माप वेगळं असतं, नव्या डब्यात त्याचाच चमचा वापर. ती रडली नाही. मान हलवली आणि कार्ड पुढे केलं.

कार्ड ‘विक’ योजनेचं होतं, कमी उत्पन्नाच्या घरांतल्या गरोदर स्त्रिया, बाळंतिणी आणि लहान मुलांसाठीच्या पोषणाच्या सरकारी योजनेचं. यंत्राने डबा नाकारला. कॅशियरने पुन्हा स्कॅन केला, पुन्हा नकार. टंचाईमुळे सरकार इतर कंपन्यांच्या डब्यांनाही परवानगी देत होतं, पण या कंपनीचा हा डबा आमच्या यंत्रातल्या यादीत तोवर चढला नव्हता.

इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण माझ्या मते खरी गाठ इथे आहे. प्रत्येक राज्य ‘विक’च्या बाळदुधाचं कंत्राट एकाच कंपनीला देतं. 1989 च्या कायद्याने त्यासाठी निविदा सक्तीच्या केल्या. जिंकणारी कंपनी राज्याला डब्यामागे घसघशीत रक्कम परत करते आणि त्या पैशातून आणखी आया-बाळांना मदत मिळते, म्हणून ही योजना वाईट म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण देशात खपणाऱ्या बाळदुधापैकी जवळपास निम्मं ‘विक’मधून जातं. मागे आमच्या राज्यातलं कंत्राट बदललं तेव्हा फळी मीच लावली होती. जिंकलेल्या कंपनीचे डबे डोळ्यांसमोरच्या रांगेत आले, हरलेलीचे खाली गेले. कारण बहुतेक गिऱ्हाईक तेच मागू लागलं, कार्ड नसलेलंसुद्धा. नवी, लहान कंपनी यात शिरणार कुठून? चार कंपन्यांच्या हातात जवळपास नव्वद टक्के बाजार होता. परदेशातून आणावं तर साडेसतरा टक्क्यांपर्यंत आयातशुल्क, शिवाय लेबलापासून तपासणीपर्यंतचे नियम.

पण त्या दिवशी काउंटरवर एवढं बोलायला वेळ कुणाला होता? शेवटच्या डब्याचे पैसे तिच्याजवळ नव्हते. मालकांनी आतूनच सांगितलं, “दुकानाच्या खात्यावर टाक आणि तिला जाऊ दे.”

तो डबा आठवडाभरसुद्धा पुरला नसता. म्हणून मी शेजारच्या गावातल्या दोन दुकानांना फोन केले. ओळख आहे, टंचाईत एकमेकांना माल देतो. कंपन्यांचे डबे नसले तरी त्या दुकानांच्या स्वतःच्या नावाचं स्वस्त दूध असेल, अशी माझी आशा होती. दोन्हीकडे नव्हतं. दुसऱ्या दुकानातली बाई म्हणाली, “कुठून असणार? आमचं आणि तुमचं एकाच ठिकाणी तर बनतं.”

आमच्याकडेही अशा दुकानी नावाचा एक डबा होता, चेपलेला, परत पाठवायला बाजूला काढलेला. मी तो उलटा करून बारीक छपाई वाचली. सहा वर्षं मी ही फळी लावत होते. वेगवेगळ्या दुकानांच्या नावांचं बाळदूध या देशात बहुतेक सगळं एकच कंपनी बनवते, हे मला त्या दिवशी कळलं. रंग वेगळे, नावं वेगळी, भाव वेगळे. फळीवर मी जी निवड मांडत आले होते, ती कागदाच्या वेष्टनापुरती होती.

शेवटी काम झालं ते वेगळ्याच ठिकाणी. मी तिला तिच्या बाळाच्या डॉक्टरकडे फोन करायला लावलं. कंपन्या दवाखान्यांत नमुन्याचे डबे ठेवतात. तिथल्या नर्सने दोन लहान डबे बाजूला काढले. ते घ्यायला ती मुलगी निघाली.

22 मे रोजी जर्मनीतल्या रामस्टाइन तळावरून लष्करी विमानाने सुमारे 35 टन बाळदूध इंडियानापोलिसला उतरलं. ते ॲलर्जी असलेल्या बाळांसाठीचं खास दूध होतं, आमच्या फळीसाठी नव्हतं. पुढे नियम सैल झाले आणि ऑस्ट्रेलिया, ब्रिटनचे डबे आले, तेही मुख्यतः मोठ्या साखळ्यांत. आमच्याकडे खोके हळूहळू वाढत गेले. मिशिगनचा कारखाना जूनच्या सुरुवातीला चालू झाला, दोन आठवड्यांच्या आत वादळी पावसाचं पाणी शिरून पुन्हा थांबला आणि जुलैत परत सुरू झाला. तोवर कागद फळीवर तसाच होता.

ऑर्डरच्या वहीत मी तेव्हापासून एक रकाना वाढवला आहे : कोण बनवतं. बाळदुधापासून सुरुवात केली, आता गोठवलेल्या मांसापर्यंत आले आहे. रकाना भरायला फार वेळ लागत नाही. तीच चार-पाच नावं पुन्हा लिहावी लागतात.