भुरी की बुरशी?

आठ वर्षं मँचेस्टरला काढल्यावर यंदा प्रथमच गणपतीच्या पंधरा दिवस आधी घरी आले. रत्नागिरीजवळच्या आमच्या घरात आईचं लुगड्यांचं कपाट उघडलं, कुबट वास आला आणि मला आठवली ती मँचेस्टरची बेडरूम! खरं तर उलटं व्हायला हवं होतं.

तिथल्या भाड्याच्या घरात पहिल्याच डिसेंबरात खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात काळे ठिपके उमटले. घरमालकाला फोटो पाठवले. त्याचं उत्तर आलं, "हे मोल्ड नाही, नुसतं मिल्ड्यू आहे. पुसून घ्या, खिडकी उघडी ठेवत जा." बाहेर दोन अंश तापमान! मला दोन्हींसाठी एकच शब्द ठाऊक, बुरशी. भांडणार काय?

रात्री आईला व्हिडिओ कॉलवर भिंत दाखवली.

"अगो, फडक्याने पूस आणि चार दिवस थांब. गेली ती गेली, तर भुरी. परत तिथेच आली, तर आत शिरलीय."

आमची हापूसची बाग. पौष-माघात मोहोरावर पीठ भुरभुरल्यासारखी भुरी येते आणि बाबा गंधक फवारतात. इंग्रजीतलं मिल्ड्यू मुळात हेच, झाडांवरच्या रोगाचं नाव. घरात मात्र तिकडे तो शब्द सैल वापरतात. टाइल, पडदे, चामड्याची चप्पल यांच्यावर चपटी, पिठूळ, पांढरट-राखाडी बसते ती मिल्ड्यू. केसाळ किंवा बुळबुळीत, हिरवी-काळी, लाकूड, कागद, प्लास्टर अशा ओल पिणाऱ्या वस्तूंत तंतू रोवते ती मोल्ड. जात दोघींची बुरशीचीच.

मी पुसलं. चौथ्या दिवशी ठिपके त्याच जागी हजर, आणि खालचा वॉलपेपर दाबला तर लुसलुशीत. मालकाला सोयीचा शब्द कोणता होता, ते तेव्हा कळलं. (मैत्रिणीने तेवढ्यात "ही विषारी काळी बुरशी" म्हणून घाबरवलंच. नुसत्या काळ्या रंगावरून जात ओळखता येत नाही. आणि ब्लीच लावणार असाल तर त्यात संडास साफ करायचं ॲसिड चुकूनही मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो.)

इकडच्या लोकांना नवल वाटेल, पण दोष तिथल्या पावसाचा नव्हता. मँचेस्टरला वर्षाला साडेआठशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, आपल्याकडे तीन हजारांच्या वर. तिथे मारतात त्या बंद खिडक्या. आंघोळीची वाफ, कुकरच्या शिट्ट्या, रेडिएटरवर वाळणारे कपडे, सगळी ओल घरातच कोंडते आणि सगळ्यात थंड भिंतीवर जाऊन पाणी होऊन बसते. मँचेस्टरजवळच्या रॉचडेलला 2020 मध्ये अशाच बुरशीच्या घरात राहणारं दोन वर्षांचं मूल दगावलं. त्याच्या नावाने झालेला 'अवाबचा कायदा' ऑक्टोबर 2025 पासून इंग्लंडमधल्या सामाजिक घरांना (पालिका किंवा गृहसंस्था भाड्याने देतात त्या) लागू झाला. गंभीर ओल-बुरशीची तक्रार आली की दहा कामाच्या दिवसांत तपासणी करावीच लागते. माझं घर खासगी, म्हणून मला तेव्हा त्याचा उपयोग शून्य. मी घर बदललं.

तर एवढी विद्या घेऊन मी इथे आले. माजघरात चिऱ्याच्या भिंतीच्या पायाशी पांढरं पीठ दिसलं. मी ऐटीत म्हटलं, "आई, हे बघ, मिल्ड्यू!" आईने बोट ओलं करून फिरवलं, पांढरं विरघळलं. "लोणा आहे तो. मीठ."

जुन्या घरात तेवढंच. कौलांच्या फटींतून वारा फिरतो, चुलीची धग असते. खरी बुरशी निघाली ती दादाने मोठ्या हौसेने बांधलेल्या स्लॅबच्या खोलीत. सरकत्या खिडक्या कायम लावलेल्या, एसी चालू, लाकडी कपाट भिंतीला चिकटलेलं आणि त्याच्या पाठीवर हिरवी मखमल.

"पुसून काढतो, किरकोळ आहे," दादा म्हणाला. अगदी मालकाच्या सुरात.

"पुसू नको, आधी कपाट ओढा," आई दारातून ओरडली. "वीतभर पुढे घ्या आणि खिडकी उघडा. मखर त्याच भिंतीला लावायचंय."


आम्ही दोघांनी खांदा लावला.