गटारीची संध्याकाळ, घरापासून आठ मिनिटांवर

गुरुवार, २४ जुलै २०२५, आषाढ अमावस्या

आज सकाळी आईने घरातले सगळे दिवे घासून पाटावर मांडले आणि त्यांची पूजा केली. कचेरीत मात्र दुपारपासून याच अमावस्येचे दुसरे नाव सर्वांच्या तोंडी होते. कोणाच्या गच्चीवर बसायचे, मटण कोण आणणार, बाटल्यांचे पैसे कोणी भरायचे, या बोलण्यात मला कोणी ओढले नाही, कारण गेल्या गटारीला मी काय करून ठेवले होते ते सर्वांना ठाऊक आहे. साडेसहाला घरी आलो, चहा घेतला, छत्री उचलली आणि अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस (‘ए.ए.’) या, दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्याच्या संस्थेच्या मीटिंगला गेलो. चालत आठ मिनिटे. ही आठ मिनिटे सापडायला मला चार महिने लागले.

मला सर्वांत जास्त फसवले ते श्रावणाने. वर्षानुवर्षे मी श्रावण कडक पाळला, गणपतींचे विसर्जन होईपर्यंत थेंबालाही शिवलो नाही, आणि ज्याला इतके दिवस सोडता येते तो दारुडा कसा, असे पत्नीला छातीठोकपणे विचारत राहिलो. ती काही बोलत नसे. विसर्जनाच्या रात्री मुलीला घेऊन आतल्या खोलीत निजत असे. गेल्या श्रावणात तिसऱ्याच दिवशी हात इतके थरथरू लागले की शर्टाची बटणे लावता येईनात. डॉक्टरांनी त्या वेळी बजावले की रोज भरपूर पिणाऱ्याने देखरेखीशिवाय एकदम थांबवले तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, प्राणावरही बेतू शकते. तरीही उपचार घ्यायला मार्च उजाडला. ते संपल्यावर डॉक्टर म्हणाले, ‘औषधाचे काम झाले, आता माणसे शोधा.’

पुण्यात व्यसनमुक्ती म्हटले की डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेले मुक्तांगण आठवते, आणि भरती झाल्याशिवाय काही होत नाही अशी माझी समजूत होती. आपल्याच वस्तीत संध्याकाळी तासदीड तास बसणारा एखादा गट असेल, हे कधी मनातही आले नव्हते. गच्चीवर जाऊन, जिना रिकामा असल्याची खात्री करून मी ‘ए.ए.’च्या हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडच्या गृहस्थांनी नावही विचारले नाही. कोणत्या भागात राहता, एवढेच विचारले. राहतो धायरीत, पण मी पिंपरी सांगितले.

चार महिने मी बसने स्वारगेट आणि तिथून मेट्रोने पिंपरी असा प्रवास केला, केवळ ओळखीचे कोणी भेटू नये म्हणून. त्या गटाने मला उभे केले, हे विसरणार नाही. पण जूनमध्ये एका संध्याकाळी मुसळधार पाऊस होता, पाऊण तास बस येईना, आणि थांब्यासमोरच्या दुकानाची पाटी भिजलेल्या रस्त्यावर लाल उमटली होती. रस्ता ओलांडायला मी एक पाऊल टाकलेही होते. तिथूनच माझ्या स्पॉन्सरना, म्हणजे गटातल्या मला सांभाळून घेणाऱ्या जुन्या सभासदांना, फोन केला. ते म्हणाले, ‘आज इकडे येऊ नका. तुमच्या घराजवळच्या शाळेत आत्ता मीटिंग सुरू होत असेल.’

ती शाळा म्हणजे माझी मुलगी जिथे चौथीपर्यंत शिकली ती. बाकांवर गुडघे मावत नाहीत, भिंतीवर पाढ्यांचा तक्ता आहे, आणि त्याच्याच खिळ्यांना बारा पायऱ्यांचे, म्हणजे दारूतून सावरण्याच्या ‘ए.ए.’च्या बारा टप्प्यांचे, कापडी फलक अडकवून मीटिंग संपल्यावर घडी घालून नेतात. फी नाही, अर्ज नाही. पिणे थांबवण्याची इच्छा एवढीच अट. त्या दिवशी ओळखीचे एक गृहस्थ दिसलेच. ते कोण, हे या वहीतही लिहिणार नाही. त्यांनी सरकून मला जागा दिली.

या चळवळीची सुरुवातही अशाच एका कठीण संध्याकाळी झाली. १९३५ च्या मे महिन्यात दारूतून सुटू पाहणारे न्यूयॉर्कचे बिल विल्सन कामानिमित्त अमेरिकेतल्याच अ‍ॅक्रनला गेले होते. काम फसले, हॉटेलातल्या बारमधून हसण्याचे आवाज येत होते, आणि त्यांनी बारकडे न वळता फोन गाठला. बोलायला दुसरा एखादा पिणारा मिळावा म्हणून ते चर्चच्या यादीतले क्रमांक फिरवत राहिले. त्यातून डॉ. बॉब हे तसेच पिणारे डॉक्टर भेटले, आणि १० जून हा डॉ. बॉब यांच्या शेवटच्या पेल्याचा दिवस संस्थेचा स्थापनादिन ठरला. मला यात उपदेशापेक्षा ती धडपड मोठी वाटते: आत्ता, याच गावात, जवळ कोण आहे?

आज वर्ग भरला होता. गटारीला नेहमीच गर्दी होते, असे जुने सभासद म्हणाले. माझी पाळी आली तेव्हा मी श्रावणाबद्दल बोललो. उद्यापासून पाळायचा तो श्रावण नव्हे, फक्त आजचा दिवस, असे म्हणताना गळा भरून आला.

शेवटच्या बाकावर तिशीतला एक मुलगा ओल्या कपड्यांनी बसला होता. कुठून आलात, असे विचारल्यावर त्याने पार हडपसरच्या पलीकडचे नाव घेतले आणि मान खाली घातली. ‘इथे केव्हाही या,’ मी म्हणालो, आणि गटांच्या छापील यादीत हडपसरच्या ओळीखाली पेनाने रेघ ओढून कागद त्याच्या हातात दिला. त्याने त्याची बारीक घडी केली आणि मोबाइलच्या कव्हरमागे सारली.