काडीतला मे महिना

ऑक्टोबरात तासगाव-कवठेमहांकाळ भागातली द्राक्षबाग नवख्या माणसाला वाळून गेल्यासारखी वाटते. भोवतालचं शिवार गजबजलेलं असतं. कुठे सोयाबीनची मळणी, कुठे काळ्या रानात शाळूची पेर, बांधावरचं गवत पिवळं पडत चाललेलं. आणि मधेच एकरभर तारांवर नुसत्या तपकिरी काड्या. पानं आम्हीच गाळलेली असतात, छाटणीच्या दहा-पंधरा दिवस आधी इथेफॉन फवारून. त्या उघड्या काडीत फेब्रुवारीचा घड कितव्या डोळ्यात, म्हणजे पेरावरच्या कितव्या कोंबात, बसलाय हे सांगणं माझं काम. काडी तपासणी.

आपल्याकडे वेल वर्षातून दोनदा छाटतात आणि पीक एकदा घेतात. एप्रिलची खरड छाटणी काडी तयार करायला, ऑक्टोबरची फळछाटणी घड काढायला. पण तो घड डोळ्यात धरतो उन्हाळ्यातच, खरड छाटणीनंतर साधारण 40 ते 70 दिवसांत, तेही डोळ्यावर ऊन पडलं तर. ऑक्टोबरच्या कात्रीच्या हाती तो राखणं किंवा कापून टाकणं, एवढंच उरतं.

2025 च्या ऑक्टोबरात सावळजच्या बाजूची एक बाग आली. तास-ए-गणेश, म्हणजे तासगाव तालुक्यातल्याच बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉमसनमधून निवडलेलं वाण. अंतर 9 बाय 5 फूट, एकरी 968 वेली, वेलीला तीसेक काड्या. खरड छाटणी 10 एप्रिलची. ही तारीख ऐकली आणि मी मनात दिवस मोजले. पंचेचाळीसावा दिवस 25 मे. त्या साली मान्सून 26 मे रोजी मुंबईत पोचला होता आणि त्याच्या आधीपासूनच आपल्याकडे वळवाने ठाण मांडलं होतं. म्हणजे घड धरायच्या ऐन दिवसांत या बागेवर आभाळ होतं.

बागेचे मालक आण्णा यांनी नमुन्याच्या काड्या स्वतःच आणल्या होत्या. जाड, गडद, एकसारख्या. तपासणीला सगळेच देखण्या काड्या आणतात आणि तिथेच अहवाल चुकतो. म्हणून मी बागेत गेले. एकराला किमान 20 काड्या, बांधाकडच्या ओळीतल्या वेगळ्या, मधल्या वेगळ्या. जाड, मध्यम, बारीक तिन्ही हव्यात. ओलांड्यापासून, म्हणजे तारेवरच्या आडव्या फांदीपासून, बारा-चौदा डोळ्यांपर्यंत काडी ठेवायची, ओळीचा नंबर बांधायचा आणि ओल्या गोणपाटात गुंडाळायची. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून आणलेली काडी घामेजते, डोळे काळपट पडतात, आणि मग आतला काळेपणा झाडाचा की पिशवीचा ते कळत नाही.

"ताई, काडी तर बोटाएवढी हाय. माल पडंल की," आण्णा म्हणाले.

मला तिथेच शंका आली होती. काडी वाचता येते. बुडापासून शेंड्याकडे बोट फिरवत गेलं की एप्रिल ते ऑगस्ट हाताखालून जातात. या बागेतली पहिली तीन-चार पेरं आखूड आणि गोल होती, एप्रिलच्या उन्हातली. पाचव्यापासून पेर एकदम लांबलं, चार बोटांचं झालं, किंचित चपटं. मुळाशी नत्र होतं, वर पाऊस, वेल नुसती पळत सुटली होती. काडी आडवी कापली तर आत भेंड, म्हणजे मऊ गाभा, रुंद आणि लाकूड पातळ. सातव्या पानावर शेंडा खुडला की पानाच्या बगलेतून नवी फूट, म्हणजे सबकेन, निघते आणि तिथे गाठ तयार होते. ही सबकेनची गाठ आणि तिच्या पुढचे एक-दोन डोळे म्हणजे घडाची हक्काची जागा. इथे गाठ दहाव्या-अकराव्या डोळ्यावर होती, काही काड्यांना नव्हतीच. पावसात शेंडा मारायला माणूस मिळाला नाही, जे होते ते फवारणीत अडकले. हे आण्णांनी सांगायच्या आधी काडीनेच सांगितलं होतं.

पश्चिमेच्या बांधालगतच्या तीन ओळी मात्र वेगळ्या होत्या. काड्या करंगळीएवढ्याच, पेरं आखूड, साल खरपूस. दुपारनंतरचं तिरकं ऊन तिथे मांडवाच्या आत शिरतं.

डोळा कापायला नवी ब्लेड लागते, अर्धी मोडलेली. पंचवीस-तीस डोळ्यांनंतर धार जाते आणि बोथट ब्लेड आतला भाग चेचते. आधी वरचे तपकिरी खवले काढायचे. त्याखाली कापसासारखी लव असते, ती सुईने बाजूला करायची. मग वरून खाली पातळ पातळ चकत्या. घाईत एक काप खोल गेला तर घड चकतीबरोबर निघून जातो आणि आपण डोळा 'रिकामा' लिहून मोकळे होतो. वर पाण्याचा थेंब ठेवायचा, नाहीतर दिव्याखाली डोळा दोन मिनिटांत सुकतो. डोळा दिसायला एक असला तरी आत तीन असतात: मधे मुख्य, बाजूला दोन राखीव. घड बघायचा तो मुख्यात. 40 पट मोठं केल्यावर धरलेला घड फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा दिसतो, पांढरा, गुठळ्यागुठळ्यांचा. बाळी, म्हणजे घडाऐवजी येणारा नुसता तणावा, असेल तर बेचकीसारखे दोन फाटे. मुख्य डोळा मेला असेल तर मधे तपकिरी डाग.

रात्रभरात निकाल लागला. मधल्या ओळींतल्या जाड काड्या सहाव्या डोळ्यापर्यंत जवळपास रिकाम्या. पाचव्या-सहाव्यावर बेचक्या, काहींत मुख्य डोळाच मेलेला. घड आठव्याच्या पुढे, गाठ असेल तिथे गाठीवर. बांधाकडच्या बारीक काड्यांत चौथ्यापासूनच घड.

बहुतेक अहवालांत इथे एक आकडा लिहितात: फळधारणा इतके टक्के. सगळ्या बागेची सरासरी. मला या पद्धतीचा राग येतो. सरासरीने कात्री कुठे लावायची ते कळत नाही, बागायतदार फक्त खूश होतो किंवा घाबरतो. मी डोळ्यागणिक तक्ता देते, ओळींच्या गटाप्रमाणे. या बागेत लिहिलं: मधल्या ओळी नऊ-दहा डोळ्यांवर, गाठ असेल तिथे गाठीपुढे एक डोळा ठेवून, बांधाकडच्या तीन ओळी सहावर. डोळे फोडणाऱ्या हायड्रोजन सायनामाइडचा लेप, म्हणजे पेस्टिंग, टोकाच्या दोन डोळ्यांनाच, छाटल्यापासून 48 तासांच्या आत. सगळ्या काडीला लावलं तर खालचे रिकामे डोळेही फुटतात आणि काडीतला साठा खातात. लावणाऱ्याने हातमोजे घालायचे आणि त्या दिवसांत दारूला शिवायचं नाही. औषध अंगात गेलेलं असताना दारू पोटात गेली तर जिवावर बेततं. हे छाटणीच्या मजूर टोळीतल्या प्रत्येकाला समोर उभं करून सांगावं लागतं, डब्यावरचं कोणी वाचत नाही.

सकाळी तक्ता घेऊन पोचले तर टोळी उजाडतानाच लागलेली होती. मधल्या दोन ओळी पाच डोळ्यांवर छाटून झाल्या होत्या. आठवा-नववा डोळा जमिनीवर पडलेला. मी खालची एक काडी उचलून पायरीवरच ब्लेडने उघडली आणि आण्णांना भिंग दिलं. ते बराच वेळ बघत राहिले.

"ह्यो पांढरा गड्डा?"

"हाच घड, आण्णा."

टोळीला मी दोष देत नाही. त्यांना एकरावर पैसे मिळतात. एकरात 29 हजार काप असतात आणि प्रत्येक काडीवर दहापर्यंत मोजत बसलं तर दिवस अंगावर पडतो. ज्या दिवशी छाटणीचा दर काप मोजून ठरेल त्या दिवशी मोजणी होईल. उरलेल्या ओळींना आम्ही चिंध्या बांधल्या, लाल म्हणजे दहा, पांढरी म्हणजे सहा, आणि मुकादमाने मात्र शेवटपर्यंत स्वतः फिरून मोजून घेतलं.

पाच-सहा पानांवर फूट आली तेव्हा घड मोजायला गेले. चुकलेल्या दोन ओळींत वेलीला सहा-सात घड, बाकी बाळ्या. शेजारच्या लाल चिंधीच्या ओळीत वेलीला पंचवीसच्या आसपास. मधे अंतर 9 फुटांचं.

इतकं जुळल्यावर मी शांत व्हायला हवं होतं. पण त्या तक्त्यात एक तिसरा रकाना होता, 'अर्धवट'. मधल्या ओळींत सातव्या डोळ्यावर असे पुष्कळ सापडले: गुठळी आहे, पण तिला अजून फाटेही नाहीत आणि गड्डाही नाही. ती छाटणीनंतर घड होऊ शकते, बाळीही होऊ शकते. काडीत साठा किती, फुटताना रात्री किती गार, आभाळ येतं का, यावर ते ठरतं. माझ्या मदतनीस मुलीने त्यातले निम्मे घडात धरले होते, मी एकही धरला नव्हता. आणि पडताळायची सोय नाही, कारण जो डोळा उघडून पाहिला तो फुटणारच नाही. आपण कायम त्याच्या शेजारच्या काडीवरून अंदाज बांधतो.

म्हणून त्या बागेत लाल ओळीतल्या दहा काड्या मुद्दाम सात डोळ्यांवर छाटून त्यांना निळा दोरा बांधला होता. चार काड्यांवर सरळ घड आला. पाचांवर बाळी. दहावीवर गोळी घड होता, मुठीसारखा आत वळलेला, एका बाजूला कळ्या, दुसऱ्या बाजूला बाळीची शेपटी. मदतनीस म्हणाली घड लिहा, मी म्हटलं थांब. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा शेपटी लांब झाली होती आणि कळ्या अजून हिरव्या होत्या. त्या काडीचा रकाना मी अजून भरलेला नाही.