अबयेई: ‘रहिवासी’ या एका शब्दावर अडलेला करार

सुदान आणि दक्षिण सुदान यांच्या मधोमध सुमारे साडेदहा हजार चौरस किलोमीटरचा एक मुलूख आहे, अबयेई. जवळजवळ आपल्या नांदेड जिल्ह्याएवढा. जानेवारी २०११ मध्ये दोन सार्वमतं एकाच वेळी व्हायची होती. दक्षिण सुदानचं झालं, ९८.८३ टक्के लोकांनी वेगळं होण्याचा कौल दिला आणि ९ जुलै २०११ रोजी नवा देश जन्माला आला. अबयेई कोणत्या देशात राहणार याचं सार्वमत मात्र आजतागायत झालेलं नाही.

का झालं नाही, ते करारातल्या एका वाक्यात सापडतं. अबयेईचा मसुदा २६ मे २००४ रोजी केनियातल्या नैवाशा इथे मान्य झाला आणि सुदान सरकार आणि दक्षिणेचे बंडखोर यांच्यातली यादवी संपवणाऱ्या जानेवारी २००५ च्या सर्वंकष शांतता करारात तो जोडला गेला. मूळ मजकूर अमेरिकेचे दूत जॉन डॅनफोर्थ यांनी पुढे केलेला होता. त्यात मताचा हक्क दिला आहे अबयेईच्या रहिवाशांना: म्हणजे न्गोक डिंका समाजाच्या लोकांना आणि तिथे राहणाऱ्या इतर सुदानी लोकांना. ‘राहणारे’ म्हणजे कोण, किती दिवस राहणारे, हे पुढे नेमला जाणारा सार्वमत आयोग ठरवेल असं लिहून विषय मिटवला.

मिटवला कसला, पुढे ढकलला. कारण सगळं भांडण याच शब्दात आहे. न्गोक डिंका इथे गावं करून राहतात. ज्वारी पिकवतात, गाई पाळतात. मिसेरिया हे अरबी बोलणारे पशुपालक. त्यांची हुमर शाखा पावसाळा उत्तरेला मुगलाद, बाबानुसा या भागात काढते. पाऊस सरला की नोव्हेंबर-डिसेंबरात त्यांचे कळप दक्षिणेला निघतात, कीर नदीच्या काठी पोचतात आणि मे-जूनमध्ये पहिल्या सरींबरोबर परत फिरतात. हीच नदी मिसेरियांच्या तोंडी ‘बहर अल-अरब’ आहे. परतीचं कारण मातीत आहे. अबयेईची जमीन आपल्या रेगूर जमिनीच्याच जातीची: काळी, चिकण, उन्हाळ्यात भेगाळणारी. पावसात तिचा राडा होतो, रस्ते बुडतात, माश्या जनावरांना फोडून काढतात. म्हणून कळप उत्तरेच्या वालुकामय पट्ट्यात जातात.

आता सांगा, वर्षातले सहा महिने इथे काढणारा मिसेरिया गुराखी रहिवासी आहे की नाही? खार्टूमचं, म्हणजे सुदान सरकारचं उत्तर होतं, आहे. जुबाचं, म्हणजे दक्षिणेच्या नेतृत्वाचं उत्तर होतं, ज्याचं कायमचं घर इथे तोच रहिवासी. न्गोकांचा कल दक्षिणेकडे, मिसेरियांचा उत्तरेकडे; मतदारयादी कशी धरली त्यावर निकाल आधीच ठरतो, त्यामुळे कोणीही एक पाऊल मागे घेईना. डिसेंबर २००९ मध्ये सार्वमताचा कायदा मंजूर झाला, पण आयोगाचा अध्यक्ष कोण यावरच दोन्ही पक्षांचं जमलं नाही आणि आयोग कधी बसलाच नाही. माझ्या मते कराराचा खरा दोष हाच. ज्या व्याख्येवर हार-जीत ठरणार ती अशा मंडळाकडे सोपवली, जे स्थापन व्हायलाच हरणाऱ्या पक्षाची सही लागत होती.

हद्दीचंही असंच झालं, पण तिची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. मसुद्यात अबयेईची व्याख्या अशी: १९०५ मध्ये उत्तरेच्या कोर्डोफान प्रांताकडे वर्ग केलेल्या नऊ न्गोक डिंका सरदारक्यांचा प्रदेश. आता ‘१९०५ मध्ये वर्ग केलेला’ हे कशाचं विशेषण? प्रदेशाचं की सरदारक्यांचं? खार्टूम म्हणालं, तेव्हा प्रांतांची सीमा बहर अल-अरब होती, म्हणून नदीच्या दक्षिणेचा तेवढाच भाग वर्ग झाला. दक्षिणेची बाजू म्हणाली, त्या नऊ सरदारक्या जिथवर राहत होत्या ती सगळी जमीन. यात भर म्हणजे त्या काळच्या इंग्रज अधिकाऱ्यांनी नदीच चुकीची ओळखली होती. उत्तरेकडच्या ‘रगाबा अझ-झर्गा’ नावाच्या प्रवाहालाच ते काही वर्षं बहर अल-अरब समजत होते. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या चुकीवर दोन सैन्यं उभी राहिली.

जुलै २००५ मध्ये सीमा आयोगाच्या पाच आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी उत्तरेची रेषा १०°२२′३०″ अक्षांशावर आखली. निर्णय अंतिम आणि बंधनकारक असेल असं दोघांनीही आधी मान्य केलेलं. खार्टूमने तो धुडकावला. मे २००८ मध्ये अबयेई शहर जळालं, सुमारे पन्नास हजार माणसं परागंदा झाली. मग प्रकरण हेगच्या स्थायी लवाद न्यायालयात गेलं. २२ जुलै २००९ च्या निवाड्याने उत्तरेची रेषा १०°१०′ वर खाली आणली, पूर्वेची २९° रेखांशावर आणि पश्चिमेची २७°५०′ वर ठेवली. पूर्वेची रेषा आत सरकल्यामुळे हेगलिगचं मोठं तेलक्षेत्र अबयेईच्या बाहेर पडलं. भारतीय वाचकांना हेगलिग हे नाव परकं नसावं. तिथल्या ग्रेटर नाईल प्रकल्पात ओएनजीसी विदेशचा २५ टक्के वाटा होता. अबयेईत उरलं ते डिफ्रा, आकाराने लहान. त्यामुळे ‘अबयेई म्हणजे तेलाचं भांडण’ हे समीकरण २००९ नंतर फारसं टिकत नाही.

निवाडा झाला, पण जमिनीवर खुणांचे खांब रोवायला गेलेल्या लोकांना धमक्या आल्या आणि काम बंद पडलं. मे २०११ मध्ये सुदानी सैन्याने शहर ताब्यात घेतलं, एक लाखाहून जास्त लोक दक्षिणेला पळाले. २० जून २०११ रोजी आदिस अबाबात तात्पुरता करार झाला: सैन्यं मागे घ्यायची, संयुक्त राष्ट्रांचं ‘युनिस्फा’ हे दल आणायचं, प्रशासन दोघांनी मिळून चालवायचं. मुख्य प्रशासक दक्षिणेने सुचवायचा, उपप्रशासक उत्तरेने. युनिस्फा आलं, सुरुवातीला ४,२०० सैनिकांची मंजुरी घेऊन, बहुतेक इथिओपियन. प्रशासन, परिषद आणि पोलीस मात्र कागदावरच राहिले. पुढचे सगळे घोळ या रिकाम्या जागेतून आले आहेत. चोर पकडला तर ठेवायचा कुठे, खटला कोणत्या कायद्याने चालवायचा, याला उत्तर नाही.

सप्टेंबर २०१२ मध्ये आफ्रिकी संघाचे मध्यस्थ थाबो म्बेकी यांनी तोडगा मांडला: ऑक्टोबर २०१३ मध्ये सार्वमत, आणि मत फक्त न्गोक डिंका व कायम वास्तव्य असलेल्यांना. जुबाने मान्य केला, खार्टूमने नाकारला. ४ मे २०१३ रोजी न्गोक डिंकांचे सर्वोच्च प्रमुख कुओल देंग कुओल युनिस्फाच्याच ताफ्यात असताना मारले गेले. त्याच ऑक्टोबरात न्गोकांनी स्वतःच मतदान उरकलं. ९९ टक्क्यांहून जास्त कौल दक्षिण सुदानकडे. पण मान्यता कोणीच दिली नाही, दक्षिण सुदाननेही नाही. त्याचं तेल सुदानमधल्या नळांतून पोर्ट सुदानला जातं, हे विसरून जुबाचं मौन समजत नाही.

वाचताना वाटेल की हे दोन समाज जन्माचे वैरी. तसं नाही. न्गोकांचे देंग माजोक आणि मिसेरियांचे बाबो निमर या दोन प्रमुखांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर कित्येक भांडणं बसून मिटवली. १९५१ मध्ये दक्षिणेत जाण्याचा पर्याय असतानाही देंग माजोक यांनी कोर्डोफानातच राहणं पसंत केलं होतं. ते दिवस यादवीत गेले, पण पद्धत पूर्ण मेली नाही. २०१६ मध्ये दोन्हीकडच्या लोकांची संयुक्त शांतता समिती झाली आणि अबयेई शहराच्या उत्तरेला अमिएतचा सामाईक बाजार उभा राहिला. उत्तरेकडून साखर, कांदा, कापड येतं, दक्षिणेच्या लोकांना ते इथेच परवडतं.

या छोट्या करारांची रीत पाहण्यासारखी आहे. कळप निघण्याआधी एक परिषद भरते. कोणत्या वाटेने यायचं, कोणत्या पाणवठ्यावर थांबायचं, ज्वारी कापून होईपर्यंत कुठे अडून राहायचं, हत्यारं आणायची नाहीत, हे ठरतं. हंगाम संपल्यावर दुसरी परिषद, हिशेबाची. मेलेल्या माणसाची भरपाई आणि चोरीच्या जनावरांची परतफेड गाईंमध्ये मोजतात. बिघडतं ते ठरावीक ठिकाणी. पाऊस लवकर सरला तर कळप उभ्या पिकात येतात. परिषदेत न बसलेली सशस्त्र टोळी बाहेरून येऊन गुरं हाकते आणि भरपाई कोणाकडे मागायची हे कळत नाही. आणि भरपाई एका हंगामापुरती थकली की पुढच्या हंगामात बदला घेतला जातो.

२०२२ मध्ये तर वेगळंच पेटलं. आनेत बाजाराजवळच्या जमिनीवरून न्गोक आणि ट्विच हे दोन डिंका गट लढू लागले. जानेवारी २०२४ मधल्या हल्ल्यांत पन्नासहून अधिक लोक गेले, त्यांत शांतिसैनिकही होते. त्याआधी, २०२२-२३ मध्ये, इथिओपियन सैन्य बदलून युनिस्फा बहुराष्ट्रीय झालं. भारताने २०२३ मध्ये तिथे महिला शांतिसैनिकांची तुकडी पाठवली. एप्रिल २०२३ पासून सुदान स्वतः यादवीत आहे. अमिएतचा बाजार आता पळून येणाऱ्यांच्या वाटेवरचा थांबा झाला आहे, आणि खार्टूमकडून सही करायला बसेल कोण, हाही प्रश्नच.

हेगच्या निवाड्यातलं एक कलम मला सर्वांत मोलाचं वाटतं, आणि त्याकडेच सर्वांत कमी लक्ष गेलं. हद्द कुठेही पडो, चराईचे पारंपरिक हक्क अबाधित राहतील असं त्यात म्हटलं आहे. मिसेरियांची भीती हीच आहे की सीमा झाली की नदी बंद होईल. त्या एका ओळीचा नियम कोणी केला नाही. किती जनावरं, कोणत्या तीन-चार वाटांनी, कोणत्या तारखेपासून, लसीकरण कोण करणार, पिकाच्या नुकसानीला किती गाई, हत्यार सापडलं तर ते कोणी जप्त करायचं आणि पावती कोणी द्यायची. हे दोन्ही सरकारांच्या सहीने आधी लिहून झालं, तर मतदारयादीत आपलं नाव नसलं तरी गुरं उपाशी मरणार नाहीत, एवढं तरी बाबानुसाच्या गुराख्याला दाखवता येईल.