शाळा सुटल्यानंतरचे पावणेदोन तास

यवतमाळ जिल्ह्यातील एका गावी मी दहावीचा वर्गशिक्षक आहे. दिवाळीआधी बसथांब्यावर दोन गावांच्या मुलांत हाणामारी झाली, एकाचे डोके फुटले आणि माझ्या वर्गातील चौघांची नावे पोलिसांकडे गेली. मुले अठरा वर्षांखालील व प्रकार सौम्य अपराधात मोडणारा असल्याने, २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाखालील नियमांनुसार एफआयआर न होता ठाण्याच्या डायरीत नोंद झाली आणि प्रकरण एक न्यायदंडाधिकारी व दोन सामाजिक कार्यकर्ते असलेल्या बाल न्याय मंडळापुढे गेले. शाळेने तोवर आपली चौकशी आटोपली होती. पहिला हात कोणी उचलला, एवढेच आम्ही विचारले होते. (तो कागद माझ्याच अक्षरातला.)

मुलांच्या घरची आणि भोवतालची परिस्थिती पाहून मंडळाला अहवाल देणाऱ्या परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) सामाजिक तपासणीसाठी आल्या, तेव्हा त्यांनी मला विचारले, "सर, शाळा पाचला सुटते, मग ही मुलं घरी किती वाजता पोचतात?" मला सांगता आले नाही. त्यांच्यासोबत घरोघरी फिरल्यावर कळले, की मुलींना सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाची निळी बस घेऊन जाते, आणि ती सोय हवीच. मुलांची बस मात्र पावणेसातला येते. तोवर टपरीजवळ प्रत्येक गावची मुले आपापल्या घोळक्यात उभी असतात. शाळा सोडलेली मोठी पोरे त्यांना हाताशी धरतात, कुणा दादाच्या वाढदिवसाच्या बॅनरवर शुभेच्छुक म्हणून त्यांचे फोटो लागतात, आणि मोबाइलच्या स्टेटसवर कुणी गावाची किंवा जातीची कळ काढली, की गप्प बसणारा भित्रा ठरतो. घरी विचारणारे कोणी नसते, कारण सोंगणी आणि वेचणीच्या दिवसांत आईवडील दिवेलागणीपर्यंत वावरात असतात. "नसतो गेलो, तर दुसऱ्या दिवशी थांब्यावर माह्याजवळ कोणी उभं राह्यलं नसतं," असे एकाने सांगितले.

मंडळाच्या तीन तारखा झाल्या आणि प्रत्येक तारखेला आयांची मजुरी बुडाली. परिविक्षा अधिकाऱ्यांचा अहवाल पाहून मंडळाने समज दिली आणि समुपदेशन ठरवले. "पोराले पुढं नोकरी लागन ना, सर?" असे एका आईने विचारले, अशा नोंदीमुळे अपात्रता येत नाही, ही त्याच कायद्यातील तरतूद मी तिला दोनदा समजावून सांगितली.

बस लवकर सोडावी, असा अर्ज आम्ही आगाराकडे दिला आहे. तोवर एक वर्ग साडेसहापर्यंत उघडा ठेवतो आणि तिथे मी बसतो. दोन्ही गावांची मुले येतात. कॅरमच्या जोड्या अजून गावागावांच्याच पडतात.